दोन वर्षांची पदवी आणि दोन एकर द्राक्षबाग

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, वाकडच्या साइटवर चार वर्षं सुपरवायझर आहेस, पगार २८ हजार. पुण्यातल्या एका एजंटने कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजचा (सहसा दोन वर्षांची पदवी देणारं सरकारी कॉलेज) दोन वर्षांचा कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा कोर्स सुचवलाय आणि त्यासाठी तासगावची दोन एकर बाग पतसंस्थेत तारण ठेवायला वडील तयार आहेत. ‘ताई, तुम्ही हाच कोर्स करून उभ्या राहिलात, मग मी का नको?’ असं तू विचारलंस.

अभ्यास तुला जमेल, त्याची काळजी करू नकोस. पण मला ही पदवी ज्या भावात पडली त्या भावात ती तुला मिळणार नाही, आणि मिळाल्यावर तिचे पैसे करायला मला जेवढा वेळ मिळाला तेवढा तुला मिळणार नाही. बाकी सगळं याच दोन गोष्टींवर ठरतं, म्हणून आधी माझा हिशोब सांगते.

मी २०१२ मध्ये नवऱ्याच्या मागे एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात आले. सांगलीत केलेला डिप्लोमा हातात होता आणि काम करायची परवानगी नव्हती. शिकायला मात्र एच-४ वर आडकाठी नसते. कॉलेजात चौकशीला गेले तर राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याची फी सांगितली. खिडकीवरच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, एक वर्ष आणि एक दिवस इथं राहिल्याचे पुरावे जमव आणि मग ये. घरभाड्याचा करार, विजेची बिलं, बँकेचे कागद, सगळं फाइलला लावलं आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये ‘रहिवासी’ म्हणून प्रवेश घेतला. रहिवाशांना फी युनिटला (अभ्यासक्रम मोजायचं माप, म्हणजे क्रेडिट) ४६ डॉलर, आजही तेवढीच आहे. पदवीला ६० युनिट लागतात. म्हणजे संपूर्ण पदवीची फी २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ खर्च वेगळा.

वर्ग संध्याकाळी साडेसहाला असायचा. एस्टिमेटिंग, म्हणजे बांधकामाच्या खर्चाचा अंदाज काढणं, शिकवणारे सर दिवसा एका कंत्राटदाराकडे तेच काम करायचे आणि बुटावर सिमेंट घेऊनच वर्गात यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी एका फूटिंगचं (पायाच्या भागाचं) काँक्रीट काढायला सांगितलं. माझं गणित बरोबर होतं, पण सवयीने उत्तर ब्रासमध्ये लिहिलं. सरांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. शंभर घनफुटाचा एक ब्रास, असं समजावलं तेव्हा त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, २७ घनफूट म्हणजे एक (घन) यार्ड. इथला काँक्रीटचा ट्रक यार्डात येतो. मग कळलं की दोन बाय चारचं लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचं असतं, आणि आपण ज्याला भिंत म्हणतो ती इथल्या घरांत लाकडी सांगाडा आणि त्यावर जिप्समचे पत्रे अशी असते. विटेचं बांधकाम, प्लॅस्टर, आरसीसीची फ्रेम यांवर पोसलेल्या माझ्या डोक्याला हे सगळं नव्याने शिकावं लागलं. त्या कोर्सची खरी कमाई तीच. नकाशा वाचणं, टेकऑफ (नकाशावरून मालाचं मोजमाप काढणं), शेड्यूल, करारातली कलमं, चेंज ऑर्डर (ठरलेल्या कामात बदल करायचा कागद), सुरक्षा, हे सगळं इथल्या भाषेत तोंडी बसलं.

मे २०१५ मध्ये नियम बदलला आणि ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे अशा एच-४ वाल्यांना कामाचं कार्ड मिळू लागलं. माझं कार्ड ऑगस्टमध्ये आलं. त्याच सरांनी एका छोट्या कंत्राटदाराकडे माझं नाव सांगितलं. तासाला २१ डॉलर. पूर्ण पदवीची फी पहिल्याच महिन्यात वसूल झाली. या व्यवहारात तोटा होणं शक्यच नव्हतं, कारण घरखर्च नवऱ्याच्या पगारात चालला होता आणि कार्डाचं नूतनीकरण होत राहणार होतं.

आता तुझा हिशोब. तू एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणार, म्हणजे रहिवासी धरला जाणार नाहीस. अशा विद्यार्थ्याची फी कॉलेजप्रमाणे बदलते, पण युनिटला ४०० डॉलर धरून चाल. ६० युनिटचे २४,००० डॉलर. खोली वाटून घेऊन, घरी स्वयंपाक करून राहिलास तरी बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) महिन्याला १,८०० डॉलरच्या खाली भागणं कठीण. चोवीस महिन्यांचे ४३,२०० डॉलर. डॉलर ८५ रुपयांनी धरला तरी दोन्ही मिळून ५७ लाख होतात. विमानाचं तिकीट आणि आरोग्य विमा यात नाही. शिकताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तास काम करता येतं, पण अशा जागा मोजक्या असतात. त्यावर घर चालेल असं समजू नकोस. अमेरिकेच्या केंद्र सरकारची पेल ग्रँट ही शिक्षणाची मदत ग्रीन कार्डवाल्याला मिळू शकते, एफ-१ वाल्याला नाही.

एजंट तुला एक लाख डॉलरचा पगार सांगतोय. आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीत कन्स्ट्रक्शन मॅनेजरचा मध्यम पगार १,०६,९८० डॉलर आहे. पण तेच खातं त्या कामासाठी साधारण पात्रता म्हणून चार वर्षांची पदवी लिहितं, आणि तो आकडा दहा-वीस वर्षं साइटवर घालवलेल्यांना धरून आहे. दोन वर्षांची पदवी घेऊन येणारा मुलगा सहसा सहायक एस्टिमेटर किंवा साइटवरचा कागदोपत्री मदतनीस म्हणून लागतो. तासाला २६ डॉलर धर, वर्षाला ५४ हजार. कर जाऊन हातात ४६-४७ हजार, राहण्या-खाण्याला २२ हजार. शिल्लक २५ हजार, म्हणजे २१ लाख.

आणि असं वर्ष तुला एकच मिळतं. या पदवीनंतर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, १२ महिन्यांची. स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांची) जी २४ महिन्यांची वाढ सगळे सांगतात ती निदान बॅचलर पदवीवर मिळते, कम्युनिटी कॉलेजच्या पदवीवर नाही. एच-१बी लासुद्धा चार वर्षांची पदवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं. म्हणजे तेरावा महिना लागला की एक तर पुढचं शिक्षण, नव्या फीसह, नाहीतर परतीचं विमान. ५७ लाखांतून २१ गेले, ३६ लाख अंगावर राहिले. यात व्याज धरलेलंच नाही. शिक्षणकर्जाला बँका सहसा शेतजमीन तारण घेत नाहीत, म्हणून एजंट तुला पतसंस्थेचा रस्ता दाखवतोय. पूर्ण रक्कम उचलल्यावर १२ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याज ५७ हजार होतं, तुझ्या आजच्या पगाराच्या दुप्पट. एखाद्या वर्षी अवकाळीने घड गळाले तर हा हप्ता कोण भरणार, हे वडिलांशी बसून बोल. मीही बागायतदाराच्याच घरातली आहे. सातबाऱ्यावर बोजा चढला की घरात काय होतं ते मी बघितलंय.

ही पदवी कुणासाठी सोनं आहे तेही सांगते, नाहीतर माझ्या बोलण्याचा अर्थ कोर्सच वाईट असा निघेल. माझ्या वर्गात ड्रायवॉलचा (त्या जिप्समच्या भिंतींच्या कामाचा) एक फोरमन होता, मेक्सिकोतून आलेला, ग्रीन कार्डवाला. कॅलिफोर्नियात कंत्राटदाराच्या परवान्यासाठी चार वर्षांचा अनुभव लागतो आणि कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या या दोन वर्षांच्या पदवीबद्दल त्यातली जास्तीत जास्त दीड वर्षं धरली जातात. तो तेवढ्यासाठीच शिकत होता. आज त्याच्याकडे स्वतःची माणसं आहेत. तुझी ती मावसबहीण, जिचं कामाचं कार्ड आलंय पण जी घरी बसून आहे, तिला हा कोर्स आजच्या आज घ्यायला सांग.

माझंही सगळं त्या पदवीवर भागलं नाही. चार वर्षांनी ऑफिसात वरची जागा निघाली तेव्हा बॅचलर नाही म्हणून मला डावललं, आणि माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा माझा वरिष्ठ झाला. ते फार लागलं. मग राज्य विद्यापीठात बदली प्रवेश घेतला. साठपैकी ४८ युनिट धरली गेली, उरलेली पुन्हा केली. पगाराची खरी उडी त्यानंतरची आहे. श्रम खात्याच्या त्याच आकडेवारीत एस्टिमेटरचा मध्यम पगार ७७ हजार आहे. तो मी बॅचलर हातात आल्यावरच ओलांडला.

तुझ्या जागी मी असते तर डिप्लोमावर डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घेऊन तीन वर्षांत बी.ई. केलं असतं. तुझ्या पंचविशीत तीन वर्षं फार वाटतात, मला कळतं. पण त्यानंतर मास्टर्सला आलास, आणि कोर्स स्टेमच्या यादीतला निवडलास, तर तीन वर्षं कमवायला मिळतात आणि एच-१बी साठीही पात्र ठरतोस. दरम्यान प्रिमाव्हेरा हे कामाचं शेड्यूल बनवायचं सॉफ्टवेअर शीक. अमेरिकन कंत्राटदारांची टेकऑफची कामं आज भारतात बसून होतात. तिथं वर्षभर काम केलंस तर फूट-इंच आणि यार्ड पगार घेऊन शिकशील.

तरी यायचंच ठरलं असेल, तर कॉलेजकडून आलेला आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, काढ. त्यावर वर्षाच्या खर्चाचा आकडा छापलेला असतो आणि अभ्यासक्रमाच्या नावापाशी त्याचा विषय दाखवणारा सहा अंकी कोड असतो. ते दोन्ही मला कळव आणि पतसंस्थेत जाण्याआधी एकदा फोन कर. वडिलांनाही फोनजवळ बसव, मी त्यांच्याशी बोलते.