भाऊजी लढाईचे काही सांगत नाहीत

प्रश्न : माझे धाकटे दीर सतरा वर्षांच्या नोकरीनंतर नुकतेच लष्करातून निवृत्त होऊन खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी परतले. लोक सरहद्दीवरच्या लढाईबद्दल विचारू लागले, की ‘काही नाही, ड्यूटी होती’ एवढेच बोलून ते उठून जातात. त्यांनी मनात काही दडवले आहे का, अशी सासूबाईंना काळजी वाटते. शिवाय पेन्शन असताना ते नोकरी का शोधतात, हेही गावाला उमगत नाही. आम्ही त्यांच्याशी कसे वागावे?

उत्तर : ताई, भाऊजींचे उत्तर बहुधा शब्दशः खरे आहे. पलटणीतला बहुतेक काळ पहारा, कवायत, गाड्यांची व हत्यारांची निगा आणि पुढच्या हुकमाची वाट पाहणे यांत जातो. सिग्नल्स, पुरवठा किंवा वैद्यकीय शाखेतल्या जवानावर तर साऱ्या नोकरीत शत्रूवर गोळी झाडण्याची वेळ न येणेही स्वाभाविक असते. म्हणून धोका कमी होतो असे नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गेले, त्यांत आपल्याच सातारा जिल्ह्यातला एक नर्सिंग असिस्टंट होता; आणि तिथे तर २००३ पासून शस्त्रसंधी लागू होती. ‘किती जणांना मारलेत?’ असे विचारणाऱ्याला हे सारे कुठून सांगायला घ्यावे? (अशा वेळी मी स्वतः रिकामा कप ठेवायला म्हणून आत जातो.) मात्र झोप उडणे, दचकणे किंवा पिणे वाढणे अशी चिन्हे दिसली, तर त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) पॉलिक्लिनिकमध्ये अवश्य न्यावे.

भाऊजींना खरे अवघड जात असेल ते घरात. वर्षाला साठ दिवसांची रजा आणि वर थोडी किरकोळ रजा, तीही पलटण फील्डमध्ये असली की तुकड्यातुकड्यांनी मिळणारी, एवढ्यावर त्यांचा संसार झाला. रजेवर आलेल्या फौजीसाठी कोंबडी कापली जाते, पण विहिरीची मोटर बदलायची की बांधाचा वाद मिटवायचा, हे त्याच्यावाचून आधीच ठरलेले असते. आता नाव आणि नंबर रंगवलेली काळी पेटी घेऊन ते कायमचे परतले, तरी सहलीच्या कागदावर मुले सही आईचीच घेतात आणि पहाटे पाचला अंगण झाडणाऱ्या बापाला हसतात. तेव्हा सासूबाईंनी त्यांना लढाईचे विचारण्यापेक्षा शेताचे विचारावे, आणि विचारले की त्यांचे ऐकावेही.

पेन्शनचे म्हणाल, तर सैन्य तरुण राहावे म्हणून शिपायाला पस्तिशी-चाळिशीतच घरी पाठवतात. पेन्शन साधारणपणे शेवटच्या वेतनाच्या निम्मी बसते. घर बांधण्यासाठी तिचा काही भाग विकून एकरकमी पैसे उचललेले असले, तर दरमहा हाती येते ते आणखी कमी, आणि मुलांची कॉलेजे तर अजून पुढेच आहेत. (चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांना तर पेन्शनही नाही.) तेव्हा भाऊजींनी नोकरी शोधणे हा हव्यास नव्हे. सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांनी नाव नोंदवले आहे का, हे पाहावे. सरकारी भरतीत माजी सैनिकांसाठी राखीव जागा असतात. जाताना डिस्चार्ज बुक आणि लष्करात शिकलेल्या कामाचे प्रमाणपत्र सोबत ठेवावे.