वाचकांचे प्रश्न : बिअर महोत्सवातील सेवा

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये लीड्स येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तेथील एका सेवाभावी मंडळाने रुग्णसेवेच्या मदतीसाठी बिअर महोत्सव भरवला असून, त्यात दोन दिवस विनावेतन बिअर देण्याचे काम त्याने स्वीकारले आहे. आमचे घर पिढीजात गुरुदेव सेवा मंडळाचे, आणि जिल्हा दारूबंदीचा. मुलगा स्वतः पीत नाही. हे काम नेमके कसे असते, त्यामुळे त्याच्या व्हिसाला बाधा येईल का, आणि याला सेवा म्हणावे का?
— एक निवृत्त शिक्षक, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : आपल्याकडे भंडाऱ्यात पंगत वाढणारी मुले असतात, तसेच हे काम असेल असे पत्र वाचताना प्रथम वाटते, परंतु वाढप्याने आग्रह करायचा असतो आणि येथे मोजून द्यायचे व प्रसंगी नाकारायचे असते, हा फरक आपण आधी ध्यानात घ्यावा. इंग्लंडमध्ये रोटरी, राउंड टेबल यांसारखी मंडळे असे महोत्सव भरवतात. स्थानिक व्यापारी एकेका पिंपाचा खर्च उचलतात, काम स्वयंसेवक करतात आणि उरलेला पैसा ठरलेल्या कार्याला जातो. समारंभ लहान असेल, तर आयोजक २००३ च्या परवाना कायद्यानुसार स्थानिक परिषदेला तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना देतात. त्या व्यवस्थेत एका वेळी ४९९ पेक्षा जास्त माणसे आत असू शकत नाहीत आणि या संख्येत स्वयंसेवकही धरले जातात.

तेथील पारंपरिक बिअर पिंपातच मुरते. नेहमीच्या लहान पिंपात सुमारे ४१ लिटर, म्हणजे ७२ पाइंट बिअर मावते. गाळ तळाशी बसावा म्हणून ही पिंपे आधीच आडवी मांडून ठेवतात आणि नंतर हलवत नाहीत; कोणी पिंपाला धक्का दिला की बिअर गढूळ होते. ती बर्फासारखी थंड देत नाहीत, ११ ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. अनेक प्रकार चाखता यावेत म्हणून अर्धा किंवा एक तृतीयांश पाइंट मागणारे पुष्कळ असतात, आणि ग्लासावरील रेघेपर्यंत माप भरून देणे ही देणाऱ्याची जबाबदारी असते. आपल्या घराच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे : गाळ लवकर बसावा म्हणून अशा बिअरमध्ये परंपरेने माशाच्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. त्यामुळे ‘ही बिअर शाकाहारी आहे का’ असे विचारणारे गिऱ्हाईक तेथेही भेटते, आणि त्याला अंदाजाने उत्तर देऊ नये.

खरी परीक्षा नकाराची आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला दारू विकणे हा तेथे गुन्हा आहे. म्हणून पंचवीसच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे वयाचा पुरावा मागण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. झिंगलेल्या माणसाला जाणूनबुजून विकणे हाही गुन्हाच, आणि विकणारा पगारी असो वा बिनपगारी, कायदा दोघांनाही सारखाच लागू होतो. स्वयंसेवक आहे म्हणून सूट मिळत नाही, हे मुलाला अवश्य सांगावे. गिऱ्हाईक हुज्जत घालू लागले, तर स्वतः वाद न वाढवता त्या काउंटरच्या प्रमुखाला बोलवावे. न पिणाऱ्या मुलाचे डोके शेवटच्या तासालाही ठिकाणावर असते, म्हणून असा माणूस या कामी उपयोगीच पडतो, असे माझे मत आहे.

व्हिसाविषयी थोडक्यात सांगतो. पदवी वा त्यापुढील शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सामान्यतः आठवड्याला २० तास कामाची मुभा असते. कराराने बांधलेले काम विनावेतन असले तरी या तासांत मोजले जाते. करार नसलेली, धर्मादाय संस्थेला केलेली ऐच्छिक मदत मोजली जात नाही. आपल्या मुलाचे काम कोणत्या प्रकारात बसते, हे त्याने विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाकडून लेखी विचारून घ्यावे. जेवण व प्रवासखर्च यांपलीकडे काही मिळणार असल्यास तेही त्या पत्रात लिहावे.

आता सेवेचा प्रश्न. रुग्णांसाठी निधी जमतो म्हणून दारूचा गुण पालटत नाही; वर्धा, गडचिरोली येथे दारूबंदीसाठी उभ्या राहिलेल्या बायांना कोणी तसे पटवूही शकणार नाही. त्याच वेळी, जेथे ती कायदेशीर आहे तेथे ती मापात आणि जबाबदार हातांनी दिली जाणे बरे, असे मला वाटते. आपल्याला वा मुलाला बिअरला हात लावणे रुचत नसेल, तर प्रवेशद्वारावर वय तपासणे, कुपने विकणे, ग्लास धुणे ही कामेही महोत्सवात असतात. मात्र तसे असेल तर त्याने आयोजकांना आताच कळवावे. ऐन गर्दीत जागा बदलून मागितली, तर त्यांची पंचाईत होते.