“माह्या नंदीले विमानात बसू देतेत का?”

“मॅडम, परदेशात जायचं ठरलंय. पोरं लहान आहेत. त्यांच्यावर काही परिणाम तर नाही होणार?”

मी लहान मुलांचं समुपदेशन करते. हा प्रश्न पूर्वी मला शहरातले लोक विचारायचे. आता वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांतूनही तो येतो. नर्सिंग झालेल्या मुली जर्मन शिकायला नागपुरात खोली करून राहतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यानंतर तर पारावरही जर्मनीच्या गोष्टी निघू लागल्या. या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नाही. एका घराची गोष्ट आहे. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. बाजाराचा दिवस होता. आर्वीकडच्या एका खेड्यातून जोडपं आलं. ती तालुक्याच्या दवाखान्यात स्टाफ नर्स, जर्मनच्या परीक्षा देत असलेली, नोकरीचं पत्र हातात. तो कास्तकार, सहा एकर वावर, पऱ्हाटी आणि तूर. सोबत साडेपाच वर्षांची मुलगी. अडीच वर्षांचा लहान्या घरी आजीजवळ होता.

तक्रार मुलीची होती. दोन महिन्यांपासून ती रात्री पुन्हा अंथरूण ओलं करू लागली होती. शाळेचा डबा तसाच परत यायचा. आईला ड्यूटीवरून यायला दहा मिनिटं उशीर झाला की ही फाटकाजवळ उभी. डॉक्टरांनी लघवी तपासली, त्यात काही निघालं नव्हतं.

“तिला जर्मनीचं सांगितलंय का?” मी विचारलं.

“नाही अजून. लहान हाये मॅडम. आतापासून सांगून रडवायचं कायले? व्हिसा झाला की सांगू.”

मुलीच्या हातात तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी होता. चार चाकं, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, आणि एक कान उडालेला. तान्हा पोळा झाला की हे नंदी पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर जातात. हिनं मात्र तो हातातून सोडला नव्हता, दप्तरात घालून शाळेतही न्यायची. आईबाबांना मी बाहेर बसवलं आणि आम्ही दोघी सतरंजीवर बसलो. ती नंदी टेबलाखालून फिरवत राहिली. बोजाऱ्याचे पैसे किती जमले म्हणून विचारलं, तर “चाळीस रुपये” एवढंच उत्तर आलं. मग बराच वेळ नुसता चाकांचा आवाज. मग वर न बघताच ती म्हणाली,

“माह्या नंदीले विमानात बसू देतेत का?”

“कुठं जायचंय त्याला?”

“आईसंग. मी तं आजीजवळच राहीन नं. आई, बाबा अन् लहान्या चालले. नंदी त्यांच्यासंग जाईन.”

तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिनं सगळं ऐकलं होतं. कधीतरी आत्यानं फोनवर सुचवलं होतं, “मोठीची शाळा हाये, तिले ठेवा आईजवळ, लहान्याले घेऊन जा.” घरात कोणी ते मनावरही घेतलं नव्हतं. पोरीनं घेतलं होतं. दोन महिने ती एकटीच हे ओझं घेऊन फिरत होती, आणि आपल्याऐवजी आपला नंदी तरी आईसोबत जावा, एवढीच तिची मागणी होती.

मी आईला आत बोलावून हे सांगितलं, तेव्हा ती खुर्चीवरून उठून सतरंजीवर येऊन बसली आणि पोरीला मांडीवर घेतलं. बोलली काहीच नाही.

लहान मुलांच्या बाबतीत माझा अनुभव हाच आहे. काय सुटतंय याचं दुःख त्यांना होतंच, पण ते रडून मोकळं होता येतं. न सांगितलेल्या गोष्टीवर रडताही येत नाही. मोठी माणसं कुजबुजतात, विषय बदलतात, फोन घेऊन अंगणात जातात, आणि मूल उरलेल्या जागा स्वतः भरतं. बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट भरतं.

म्हणून पहिलं काम ठरलं ते सांगण्याचं. पण साडेपाच वर्षांच्या मुलीला “आठ महिन्यांनी” म्हणजे काय कळणार? तिला सण कळतात, हंगाम कळतात. आई संक्रांत करून जाईल. मग होळी येईल, मग आंबे, मग पेरणी, आणि डवरण झालं की बाबा, तू आणि लहान्या जाल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे सगळं चित्रांनी काढलं. शेवटच्या चित्रात विमान होतं आणि त्यात तीन माणसं. चौथा नंदी तिनं स्वतः काढला. लहान्यासाठी एवढं पुरतं: “आई कामाला दूर जाते. तू बाबाजवळ, आजीजवळ. मग आपण आईकडे जाऊ.” हेच रोज, त्याच शब्दांत.

आईनं आधी एकटीनं जावं का, हा पुढचा प्रश्न. माझं मन विचाराल तर इतक्या लहान मुलांपासून आई लांब राहू नये, आणि राहावंच लागलं तर महिने मोजके असावेत. पण मन आणि परिस्थिती यांत अंतर असतं. भारतातून गेलेल्या नर्सला तिथे बहुतेक वेळा सुरुवातीला सहाय्यक म्हणून काम करावं लागतं. शिक्षणाला मान्यता मिळेपर्यंत पगार कमी असतो. कुटुंबाला बोलवायचं तर पुरेशा जागेचं घर हवं. या सगळ्याचा हिशेब मांडून सात-आठ महिने धरले. त्यापुढे गेलं तर नोकरीचा पुन्हा विचार करायचा, हेही तेव्हाच बोलून घेतलं. ही मर्यादा आधीच ठरवणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर “अजून दोन महिने” असं म्हणत वर्षं जातात.

मध्ये एका एजंटनं काही लाख मागितले होते आणि एक एकर गहाण टाकायची बोलणी सुरू झाली होती. नवराबायकोत त्यावरून अबोला. हे माझं क्षेत्र नाही, पण घरातल्या ताणाचं मूळ तिथे असेल तर डोळे मिटून कसं चालेल? परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, आणि त्याला घेता येणारं सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच आहे. ते त्यांना दाखवलं. वावर वाचलं.

कागदांचं आणखी एक. धाकट्याच्या जन्मदाखल्यावर नुसतं “पुरुष” लिहिलेलं, नावच नाही. आपल्याकडे हे सर्रास असतं. ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवा, आईवडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवा, आणि अंगणवाडीतून मिळालेलं लसीकरणाचं कार्ड जिवापाड जपा. जर्मनीत २०२० पासून बालवाडीत किंवा शाळेत जायला गोवरच्या लसीचा पुरावा लागतो. ते कार्ड पुष्कळांच्या घरी पत्र्याच्या पेटीत तळाशी असतं, किंवा नसतंच.

आता निघण्याच्या रात्रीबद्दल. विमान नागपूरच्या सोनेगावहून पहाटेचं. घरात सगळ्यांचं एकमत होतं: पोरं झोपली की निघायचं, म्हणजे रडारड नको. मी याला ठाम विरोध केला. झोपेतून उठल्यावर आई नाही, हे ज्या मुलानं एकदा अनुभवलं, ते पुढे झोपायलाच घाबरतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. उठवा, जवळ घ्या, “मी जातेय, डवरण झालं की तुम्ही येणार” असं सांगा, आणि मग निघा. रडू द्या.

त्यांनी उठवलं. दोघंही खूप रडली. दुसऱ्या दिवशी आजीचा फोन आला. “बाई, तुमच्या सांगण्यानं लेकरं रात्रभर रडले. झोपेत निघाली असती तं काय बिघडलं असतं?” मी ऐकून घेतलं. ती रात्र निभावली होती आजीनं. मी नव्हते तिथे.

तीन आठवड्यांनी आईचाच फोन. रडत. व्हिडिओ कॉल लावला की लहान्या तोंड फिरवतो, आजीच्या लुगड्यात लपतो. “मले विसरला मॅडम.” विसरला नव्हता. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईपासून दुरावलेल्या लहान मुलांचं निरीक्षण करून हे लिहून ठेवलंय: आधी आकांत, मग खिन्नता, मग पाठ फिरवणं. पाठ फिरवणं म्हणजे मूल स्वतःला सांभाळतंय. त्याला ओढून स्क्रीनसमोर बसवू नका म्हटलं. तिकडची सकाळपाळी दुपारी दोनच्या सुमारास सुटायची, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेसहा, दिवेलागणीची वेळ. तीच वेळ पक्की केली. आणि “जेवला का, अभ्यास केला का” ही चौकशी बंद. आईनं तिथे भाजी चिरावी, इकडे आजीनं भाकर थापावी, फोन मध्ये उभा. मुलं खेळता खेळता येऊन जातील. दहाव्या-बाराव्या दिवशी लहान्या आपली चप्पल घेऊन आला आणि फोनला दाखवून गेला. आईसाठी तेवढं पुष्कळ होतं.

आजीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण स्थलांतराच्या कागदांत ती कुठेच नसते. सुनेच्या नाईट ड्यूटीत ही दोन्ही मुलं तिच्या कुशीत वाढलेली. उन्हाळ्यात मी घरी गेले तेव्हा ती कुटार भरत होती. म्हणाली, “सारे मले म्हणतात, लेकरायचं भलं होते, रडू नको. मी कुठी रडतो? पण पोट्टे गेले की हे घर खायले उठीन.” मुलांना आजीपासून तोडताना आपण आईबापांना सगळं शिकवतो, आजीला फक्त धीर देतो. तिला धीर नको होता, काम हवं होतं. शेजारच्या मुलाकडून ती व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवायला शिकली. रोज रात्रीची गोष्ट मुलं इथे असतानाच रेकॉर्ड करून ठेवायला लागली. पुढे तिकडे झोपताना तोच आवाज हवा, म्हणून.

भाषेचं सगळेच विचारतात. आता घरात इंग्रजी बोलू का, जर्मन बोलू का? नाही. घरात वऱ्हाडीच बोला. पहिले काही महिने मूल शाळेत गप्प बसेल. ते ऐकून साठवत असतं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवलंय की खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. घरची भाषा भक्कम असेल तर दुसरी तिच्यावर उभी राहते. काळजी कधी करायची? मूल घरीही बोलेनासं झालं, खाणं-झोप कित्येक आठवडे रुळावर आली नाही, तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांना भेटायचं, “सवय होईल” म्हणून बसायचं नाही.

ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आठवडाभर आधी, तिघं निघाले. अंथरूण ओलं करणं तोवर थांबलेलं होतं, अधूनमधून एखादी रात्र सोडली तर. नंदी बॅगेत नको, हातातच, अशी अट होती. तिथे सहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना शाळा सक्तीची, घरी बसून शिकण्याची मुभा नाही. पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलांना कागदाचा मोठा शंकू भेट देतात, शूलट्यूटे म्हणतात, त्यात खाऊ, पेन्सिली. आईनं फोटो पाठवला: एका हातात तो शंकू, दुसऱ्या काखेत एक-कानी नंदी. लहान्याच्या बालवाडीत सुरुवातीचे दिवस वडिलांनाच वर्गात बसायला सांगितलं. आधी पूर्ण वेळ, मग थोडा वेळ बाहेर, मग जास्त वेळ. आइनगेव्योनुंग हे त्याचं नाव. मूल रुळेपर्यंत पालकानं सोबत राहायचं, असा तिथला रिवाजच आहे. आपल्या अंगणवाडीत रडणारं पोर दारातून ओढून आत घेतात, ते मला दरवेळी आठवतं आणि वाईट वाटतं.

मुलगी जवळजवळ दिवाळीपर्यंत वर्गात बोलली नाही. मग एके दिवशी शेजारच्या मुलाला रंग मागितला, जर्मनमध्ये. लहान्या मात्र अजून आजीच्या आवाजाशिवाय झोपत नाही, आणि आजीनं आता नव्या गोष्टी संपल्या म्हणून कळवलंय. गावातल्या जुन्या बाया तिला गोष्टी पुरवतात.

एक गोष्ट माझ्याकडून राहिली. पहिल्या भेटीपासून तो बाप माझ्यासमोर गप्प बसायचा. विचारलं की म्हणायचा, “माह्यं काय, तुम्ही पोरायचं पाहा.” मी त्याचं ऐकलं. पोरांचं पाहिलं, आईचं पाहिलं, आजीचं पाहिलं. वावर बटईनं देऊन, बैलजोडी विकून तो माणूस बालवाडीच्या लहान खुर्चीवर जाऊन बसला, आणि मी त्याला कधी विचारलं नाही की तुझं काय.

मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, मध्यरात्रीचा. “मॅडम, पोरं रुळले. मले झोप येत नाही. वावरात पाणी पडलं का, हेच पाहत राहतो मोबाइलवर.” आता दर मंगळवारी, मुलं शाळेत गेल्यावर, आम्ही बोलतो. काल पूर्ण वेळ बैलांविषयी बोललो. जोडी कोणी घेतली, तो बरा ठेवतो का. माणूस तळेगावकडचा आहे. मी चौकशी करून सांगेन म्हटलंय.