पतंगासारख्या काल्पनिक प्राण्याला नाव काय द्यावं?
तुमचा प्राणी मोठा, रात्री उडणारा आणि लोक ज्याला घाबरतात असा आहे असं तुम्ही लिहिलंय, मग आधी त्याची एक सवय पक्की करा आणि नाव त्यातूनच काढा, नुसतं निशा किंवा तिमिर जोडून केलेली नावं छान वाटतात पण लक्षात राहत नाहीत. खऱ्या पतंगांकडे बघा ना, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला जो पतंग आहे त्याला जीवशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये अ‍ॅट्रोपॉस नाव दिलं, ग्रीक पुराणात आयुष्याचा धागा कापणारी देवी ती! शिवाय हा पतंग डिवचला की चक्क चीं चीं आवाज करतो आणि मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मध चोरतो, म्हणजे नुसत्या या एका जीवातून तीन-चार नावं निघतील.

पंखाला हात लावला की बोटाला जी भुकटी लागते ते बारीक खवले असतात, त्यावरून मला राखपंखी सुचतंय. उजेडाकडे ओढला जाणारा असेल तर दिवेभुल्या. काही पतंगांना मोठेपणी खाताच येत नाही, लूना पतंग तसाच, आठवडाभर जगतो फक्त, तुमचा प्राणी तसा असेल तर उपाशा ठेवा, मला हे सगळ्यात आवडलं कारण ऐकल्यावर भीतीपण वाटते आणि दयापण येते.

आणि गावकरी त्याला वेगळं काहीतरी म्हणतात असं दाखवा, घाबरलेली माणसं पूर्ण नाव घेत नाहीत, नुसतं "तो फडफड्या आला" म्हणतील.