गोल्फ कार्ट घ्या, पण लग्नसराईच्या भरवशावर नको

सुभेदारसाहेब, नमस्कार.

वय ५२, पेन्शन चालू. निवृत्तीच्या रकमेतले ७ लाख घालून दोन जुन्या सहा आसनी गोल्फ कार्ट, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या उघड्या गाड्या, घ्यायच्या आणि खानापूर-बेळगाव पट्ट्यात भाड्यानं द्यायच्या, असा तुमचा बेत आहे. मंगल कार्यालयं, हॉस्पिटलं, इंजिनिअरिंग कॉलेजं, जांबोटीकडची रिसॉर्टं, साखर कारखान्यावर येणारे पाहुणे, अशी गिऱ्हाइकांची यादीही तुम्ही पाठवलीत. यादी खरी आहे. गेटापासून ओपीडीपर्यंत गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसं पाहिली की अशी गाडी तिथं हवीच असं मलाही वाटतं.

अडचण आहे ती गाडी एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे नेण्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. आवारात फिरवायची कार्ट तशीच, बिननंबरची असते. म्हणजे खानापूरहून बेळगावच्या टिळकवाडीतल्या कार्यालयात ती टेम्पोत चढवूनच न्यायची. हा खर्च तुमच्या कागदावर कुठंच नाही.

तो धरून हिशेब मांडू. तुम्ही दिवसाला २,५०० रुपये भाडं आणि वर्षाला ६० लग्नं धरलीत. एका गाडीचे दीड लाख झाले. टेम्पोचे जाऊन-येऊन १,२०० धरले तर ७२,००० गेले, चालकाचे दिवसाला ६०० प्रमाणे ३६,०००. उरले ४२,०००. बॅटरीचा संच ७०,००० चा आणि चार वर्षं टिकला असं धरलं, तर वर्षाला १७,५०० बाजूला काढा. हातात २४,५००. साडेतीन लाखांवर हे ७ टक्के, तेही विमा, दुरुस्ती आणि गाडीची घसरती किंमत न धरता. तुमच्यासारख्या निवृत्त सैनिकाला पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ५० व्या वर्षापासून पैसे ठेवता येतात. २०२५ मध्ये तिचा दर ८.२ टक्के होता. तिथं ना चालक शोधायचा, ना टेम्पो.

शिवाय चातुर्मासात लग्नं जवळपास थांबतात, आणि तेव्हाच खानापूरचा पाऊस. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज न करता तशीच उभी ठेवली की तिच्या आतल्या शिशाच्या पत्र्यांवर सल्फेट धरतं. न कमावताही ती झिजते.

म्हणून माझं मत असं: दोन नको, एकच घ्या, आणि तीही एखाद्या हॉस्पिटलशी किंवा कॉलेजशी वर्षाचा करार झाल्यावरच. गाडी त्यांच्याच आवारात राहील, चालक आणि वीज त्यांची. महिना १५,००० मिळाले तरी वर्षाला १,८०,००० होतात. रोज चालणार म्हणून बॅटरी, विमा, दुरुस्ती मिळून ६०,००० सोडा, १,२०,००० राहतात. तीन वर्षांत मुद्दल वसूल. भाड्याची रक्कम, गाडी बंद पडली तर किती तासांत दुरुस्त करायची आणि अपघाताची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर गाडी उभी करू नका, माणूस कितीही ओळखीचा असो.

गाडी बघायला जाल तेव्हा रंग आणि सीटकव्हर नंतर बघा. आधी सीट उचला. खाली बहुधा ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतील, मिळून ४८ व्होल्ट. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का, झाकण उघडल्यावर पत्रे पाण्याबाहेर दिसतात का, सहाही एकाच तारखेच्या आहेत का, हे तपासा. एखादीच नवी असेल तर बाकीच्या तिलाही लवकर खाली खेचतात. मग सहा माणसं बसवून चढावर न्या आणि मीटर लावून व्होल्टेज किती पडतंय ते बघा. विकणारा चढावर न्यायला कचरत असेल तर तिथूनच माघारी फिरा. लिथियम बॅटरी महाग, पण पाणी घालायची कटकट नाही आणि चार्जही लवकर होते. रोजच्या कामाला तीच बरी.

मुलीच्या शिक्षणाची रक्कम मात्र यात एक रुपयाही घालू नका. उरलेले साडेतीन लाख सध्या पोस्टात जाऊ देत. कराराचा मसुदा हातात आला की सही करण्याआधी मला पाठवा, कलमं बघून देतो.