लवाद की न्यायाधिकरण? ‘स्थलांतर’ की ‘वर्ग’?

प्रश्न असा आहे: स्कॉटलंडमधल्या एका सरकारी दस्तऐवजाचे मराठी शीर्षक ‘पोलीस अपील लवादाचे एकात्मिक प्रणालीत स्थलांतर : प्रभाव मूल्यांकन’ असे केले, तर चालेल का?

अर्थ पोचेल, पण चुकीचा. जवळजवळ प्रत्येक शब्द थोडा थोडा सरकला आहे.

सुरुवात ‘लवादा’पासून. दोन्ही पक्षांनी आपसांत ठरवून ज्याच्याकडे तंटा सोपवायचा, तो लवाद. न्यायाधिकरण कायद्याने उभे राहते, पक्षकारांच्या संमतीवर नाही. ‘हरित लवाद’, ‘पाणीतंटा लवाद’ हे प्रयोग वर्तमानपत्रांनी रूढ केले आहेत आणि ते आता मोडता येणार नाहीत. पण म्हणून नवीन ठिकाणी तीच चूक कशाला न्यायची? आपल्याकडे ‘मॅट’चे अधिकृत नावही ‘महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण’ असेच आहे.

खरी अडचण ‘पोलीस अपील’ या जोडशब्दात आहे. तो वाचून बहुतेकांना वाटेल की पोलिसांविरुद्ध नागरिक इथे दाद मागतात. नागरिकांच्या तक्रारींसाठी महाराष्ट्रात पोलीस तक्रार प्राधिकरण असल्यामुळे हा गैरसमज अधिकच पक्का होतो. स्कॉटलंडची ही संस्था नेमकी उलट बाजूची आहे. तिथल्या 2012 च्या पोलीस व अग्निशमन सुधारणा कायद्यानुसार बडतर्फी किंवा पदावनतीच्या निर्णयाविरुद्ध खुद्द पोलीसच तिच्याकडे अपील करतात. तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘पोलिसांच्या अपिलांचे न्यायाधिकरण’ असे मोकळे लिहावे. षष्ठीने लांबी वाढते, पण अपील कोणाचे ते कळते. पुढे नुसते ‘न्यायाधिकरण’ पुरेल. (शुद्धलेखन : अपील, पण अपिलाचा, अपिलात, अपिले. पोलीस–पोलिसांचे याच नियमाने.)

‘स्थलांतर’ माणसांचे, पक्ष्यांचे, फार तर कार्यालयाचे. इथे इमारत बदलत नाही, अधिकारक्षेत्र बदलते. ‘बदली’ म्हटले तर पोलिसांच्या संदर्भात भलतेच डोळ्यांपुढे येईल. ‘हस्तांतरण’ चुकीचे नाही, पण त्याला मालमत्तेचा वास आहे. कोर्टकचेरीत रोज वापरला जाणारा शब्द हाताशी असताना तो का टाळायचा? खटला दुसऱ्या न्यायालयात वर्ग होतो, रक्कम खात्यात वर्ग होते. तसेच न्यायाधिकरणाचे काम वर्ग करावे. स्कॉटलंडच्या 2014 च्या न्यायाधिकरण कायद्याची रचनाही अशीच आहे : जुन्या न्यायाधिकरणांचे काम आणि सदस्य टप्प्याटप्प्याने नव्या व्यवस्थेत आणायचे. ‘विलीनीकरण’ मात्र नको. त्यातून दोन संस्था मिसळून एक झाल्याचे चित्र उभे राहते.

‘एकात्मिक’ हा शब्द वेगवेगळ्या सेवांची सांगड घालण्यासाठी आहे, जसे एकात्मिक बालविकास सेवा योजना. 2014 च्या कायद्याने आणलेल्या व्यवस्थेत प्रथम स्तर आणि वरिष्ठ अशी दोनच न्यायाधिकरणे, त्यांत विषयवार कक्ष, सर्वांवर एकच न्यायिक प्रमुख, अशी मांडणी आहे. तिला ‘एकीकृत’ नेमका बसतो.

‘प्रभाव’ व्यक्तीचा पडतो, विचारांचा पडतो. पर्यावरणाच्या कागदपत्रांतल्या ‘आघाता’त मार लागल्याची छटा आहे. इथे ‘परिणाम’ हाच साधा, तटस्थ शब्द हवा. एक बारकावा असा की हे मूल्यमापन बदल होण्याआधी करतात : खर्च कोणावर पडेल, मुदती बदलतील का, प्रलंबित अपिलांचे काय. नुसते ‘परिणामांचे मूल्यमापन’ म्हटले की बदल होऊन गेल्यासारखे वाटते. ‘संभाव्य’ जोडा.

मग शीर्षक होईल : ‘पोलिसांच्या अपिलांच्या न्यायाधिकरणाचे काम एकीकृत व्यवस्थेकडे वर्ग करणे : संभाव्य परिणामांचे मूल्यमापन’. लांब आहे, पण कोणी कोणाकडे दाद मागायची आणि काय कुठे जाणार, हे एका वाचनात समजते.

आतल्या मजकुरात दोन खड्डे आहेत. बडतर्फीला ‘निलंबन’ लिहू नका. निलंबित माणूस नोकरीत असतो, बडतर्फाची नोकरी गेलेली असते. आणि 2012 च्या कायद्यात ‘कॉन्स्टेबल’ म्हणजे आपला पोलीस शिपाई नव्हे. चीफ कॉन्स्टेबलपर्यंत, म्हणजे थेट पोलीस दलाच्या प्रमुखापर्यंत, सर्व दर्जांचे पोलीस त्या एका शब्दात येतात. तिथे ‘शिपाई’ लिहिले, तर अपिलाचा हक्क फक्त तळच्या कर्मचाऱ्यांना आहे असा अर्थ निघेल. ‘कोणत्याही दर्जाचा पोलीस’ असे लिहा.