फ्यूजऐवजी सर्किट ब्रेकर चालेल का?

प्रश्न : पावसात माझ्या मोटारसायकलचा १५ अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो. त्याजागी सर्किट ब्रेकर बसवावा का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : बसवता येईल, परंतु आधी फ्यूज का उडतो ते शोधावे. हँडल वळते तिथे, हेडलाइटच्या मागे, वायरचे वेष्टन घासून तांबे उघडे पडलेले अनेकदा आढळते. ते चासीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, टेकले की शॉर्ट होतो. ब्रेकर १२ व्होल्ट डीसीसाठी बनवलेला आणि १५ अँपिअरचाच घ्यावा, कारण ही मर्यादा वायरच्या जाडीशी बांधलेली असते आणि जास्त क्षमतेचा ब्रेकर बसवल्यास तो ट्रिप होण्याआधी, म्हणजे प्रवाह तोडण्याआधी, वायरच वितळू शकते. (फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे हा तर निव्वळ आगीशी खेळ.) घरगुती एसी एमसीबी (घरातल्या विजेच्या बोर्डावरचा ब्रेकर) येथे वापरू नये. आपोआप पूर्ववत होणारा प्रकारही टाळावा, कारण शॉर्ट कायम असताना तो थंड होऊन पुन्हा पुन्हा प्रवाह सोडतो आणि टाकीखालची वायर तापत राहते. बटण दाबून चालू करावा लागणारा ब्रेकर सीटखाली, पाणी आणि इंजिनाची उष्णता पोहोचणार नाही असा बसवावा. एकदा दाबूनही तो पुन्हा ट्रिप झाला, तर बटणावरचा अंगठा काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. बॅटरीजवळच्या मुख्य फ्यूजच्या जागी मात्र ब्रेकर बसवू नये.